एका पाउंडाचं बाळ

काम सोपं आहे. नाक उघडं ठेवून उभं राहायचं आणि पेपरमिंटचा वास आला की ओरडायचं.

जुलै 1905 ची सकाळ आहे. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं हडर्सफील्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. एका दगडी घराच्या खालच्या स्वयंपाकघरात तुम्हाला मोरीला खेटून उभं केलंय. पालिकेचे निरीक्षक बाहेर अंगणात आहेत. गटाराच्या वरच्या तोंडात त्यांनी पेपरमिंटच्या तेलाची छोटी बाटली उपडी केली, वरून बादलीभर कढत पाणी ओतलं आणि ओल्या फडक्याचा बोळा कोंबून तोंड बंद केलं. ते आत येणार नाहीत. त्यांच्या हातांना, कोटाला, बहुधा मिशांनाही तेल लागलंय. ते आत आले तर घरभर तोच वास. म्हणून या परीक्षेला दुसऱ्या कुणाचं तरी नाक लागतं, आणि आज ते तुमचं आहे.

आधी घराचे वास येतात. कोळशाचा धूर, चुलीवर वाळत घातलेले लोकरी मोजे, उकडलेला कोबी, कोपऱ्यातल्या पाळण्यात आंबलेलं दूध. घरधनीण हात पुसत तुमच्याकडे संशयाने बघते. मग मोरीखालच्या फटीतून थंडगार, गोड, ओळखीचा वास वर येतो आणि तुम्ही ओरडता. बाहेरून समाधानाने "हं!" ऐकू येतं. पेपरमिंट आत आलं म्हणजे गटारातली हवाही येते. ती हवा अडवणारं नळीतलं पाण्याचं वळण फुटलंय. घरमालकाला नोटीस जाईल.

गटाराच्या हवेनेच रोग होतात, असं या निरीक्षकांच्या गुरूंनी त्यांना शिकवलंय. जंतू सापडून वीस-पंचवीस वर्षं झाली, प्रयोगशाळेतल्या लोकांनी ती शिकवण सोडत आणली, तरी पेपरमिंटची बाटली अजून पिशवीत आहे. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. कारण चुकलं, पण फुटकी मोरी दुरुस्त झाली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असे प्रकार बरेच सापडतात.

1875 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या प्रत्येक नगरपालिकेला दोन माणसं नेमणं भाग पडलं. एक वैद्यकीय आरोग्य अधिकारी, तो डॉक्टर. दुसरा उपद्रव-निरीक्षक, ज्याच्या मागे तुम्ही आता चालताय. त्याची वही उघडून बघा: तळघरातला बेकरीचा भट्टीखाना, परसात पाळलेली डुकरं, एका खोलीत निजणारी आठ माणसं, दुधाच्या दुकानातली उघडी घागर, लोहितज्वराचा रोगी रुग्णालयात हलवल्यावर गंधक जाळून बंद केलेली खोली. त्या खोलीच्या दाराच्या फटींवर खळीने कागदी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. असा रोगी सापडला की डॉक्टरने पालिकेला कळवायचं. खाजगी रोग्यामागे त्याला अडीच शिलिंग मिळतात. त्या फीमुळे डॉक्टरांची पत्रं वेळेवर येतात, असं निरीक्षक डोळे मिचकावत सांगतात.

चढ लागतो. घरं पिवळसर दगडाची बांधली होती म्हणे. आता ती काजळीने काळी ठिक्कर आहेत. शेजारून विजेची ट्राम जाते आणि तिच्यावर टपालपेटी टांगलेली दिसते. हात केला तर पत्र टाकायला ट्राम थांबते. वर माळरानावर नगरपालिकेचे तलाव आहेत. ब्लॅकमूरफूटचा तलाव 1876 पासून गावाला पाणी देतो. पाणी दलदलीच्या काळ्या मातीतून झिरपून येतं, मऊ असतं, साबणाला लगेच फेस येतो, म्हणून लोकर धुवायला उत्तम. तेच पाणी थोडं आम्ल असल्यामुळे घरापर्यंत आलेल्या शिशाच्या नळ्याही हळूहळू खातं. शिशाची विषबाधा झालेल्या इथल्याच एका रहिवाशाने पालिकेवर दावा लावला आणि तो 1886 मध्ये थेट लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत गेला. निकाल पालिकेच्या बाजूने लागला: आमच्या मोठ्या नळात पाणी शुद्धच होतं, विष तुमच्या नळीत मिसळलं. हा युक्तिवाद लक्षात ठेवा. आमच्या हद्दीत सगळं ठीक, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आज दिवसभरात तो वेगवेगळ्या तोंडून पुन्हा ऐकू येणार आहे.

आता अंगण. खरं तर तुम्ही यायला हवं होतं ते इथेच.

चार घरांमध्ये एक संडास. लाकडी दार, आत भोक पाडलेली फळी, फळीखाली बादली. मागच्या भिंतीत छोटं झाकण असतं. आठवड्यातून एका रात्री पालिकेची माणसं येतात, भरलेली बादली ओढून काढतात, रिकामी सरकवतात आणि घोडागाडी खडखडत पुढच्या अंगणात जाते. शेजारी राखेचा खड्डा: चुलीची राख, बटाट्याची सालं, मासळीची डोकी. बायका सोमवारी कपडे धुतात ते याच अंगणातल्या दोऱ्यांवर वाळतात. स्वयंपाकघराचं दार इथून दहा-बारा पावलांवर आहे आणि जुलैत ते उघडंच असतं.

आणि माश्या. दारावर, फळीवर, दोऱ्यावरच्या लंगोटांवर, तुमच्या ओठांवर. तुम्ही हात हलवत राहता. निरीक्षक हलवत नाहीत. त्यांना सवय आहे.

बादलीपेक्षा वाईट व्यवस्थाही अजून चालू आहे: विटांनी बांधलेला उघडा मैलाखड्डा, महिनोन् महिने न उपसलेला. नॉटिंगहॅमचे आरोग्य अधिकारी फिलिप बूबियर यांनी 1887 ते 1896 या दहा वर्षांतले विषमज्वराचे रोगी घरोघरच्या संडासांशी ताडून पाहिले. खड्डा असलेल्या घरांत दर 37 घरांमागे एक रोगी. बादली असलेल्या घरांत दर 120 मागे एक. पाण्याचा संडास असलेल्या घरांत दर 558 मागे एक. हे आकडे तुमच्या निरीक्षकांना पाठ आहेत. "मग सगळीकडे पाण्याचे संडास का करत नाही?" असं तुम्ही विचारता. ते अंगणाच्या चारही भिंतींवरून नजर फिरवतात. "खर्च घरमालकाने करायचा असतो," एवढंच म्हणतात आणि घरमालक नगरसभेवर निवडून येतात हे सांगायचं टाळतात.

रात्री थांबलात तर मैलागाडी दिसेल. कंदील, चामडी एप्रन, खोल आवाजात चाललेल्या गप्पा. महाराष्ट्रात टोपलीचे संडास आठवणारी माणसं अजून आहेत, आणि ते साफ करायला परसदारातून कोण येत असे हेही त्यांना आठवत असेल. बादली आणि टोपली यांत फारसा फरक नाही. वास तोच, माश्या त्याच. फरक हातांचा आहे. हडर्सफील्डच्या या माणसाला पालिका मजुरी देते, कामामुळे लोक नाकंही मुरडतात, पण त्याचा मुलगा उद्या लोकरीच्या गिरणीत गेला तर त्याला कुणी अडवणार नाही आणि कुणाच्या विहिरीवरही कुणी रोखणार नाही. आपल्याकडे कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा यायला 1993 उजाडलं.

दुपारी निरीक्षक तुम्हाला कचेरीत सोडतात. टेबलावर दोन चोपड्या आहेत. काळी मृत्यूंची, दुसरी जन्मांची. काळी चोपडी ताजी आहे. कालचे मृत्यू आज सकाळी चढलेत. कायद्याने मृत्यू पाच दिवसांत नोंदवावा लागतो आणि नोंदीशिवाय पुरणं अवघड. जन्म नोंदवायला मात्र 1874 च्या कायद्याने 42 दिवस दिलेत. कारकून बोट ठेवून दाखवतो: हे बाळ तेरा दिवसांचं होऊन गेलं. ते जन्मलं होतं हे या कचेरीला ते मेल्यावर कळलं.

थोडं इथेच बसा. पालिकेकडे निरीक्षक आहेत, नोटिसा आहेत, गंधक आहे, पेपरमिंट आहे. पण ज्याला सर्वांत जास्त धोका आहे त्याचा पत्ताच नाही. त्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांतली 128 वर्षाच्या आत गेली. आधीची पन्नास वर्षं मोठ्यांचं आयुष्य वाढत गेलं. देवी, कॉलरा, टायफस मागे हटले. तान्ह्यांचा आकडा मात्र शतक संपेपर्यंत हलला नव्हता. 1899 मध्ये तो 163 होता. बोअर युद्धाच्या भरतीत मँचेस्टरमध्ये अकरा हजार उमेदवारांपैकी आठ हजार नापास झाले, तेव्हा कुठे संसदेला गरिबांच्या मुलांची काळजी वाटू लागली. साम्राज्याला शिपाई हवे होते. हेतू कुणाचा काय, हे पाळण्यातल्याला कळत नाही, पण आपण कळून घ्यायला हरकत नाही.

बाळं मरतात ती मुख्यतः उन्हाळ्यात आणि जुलाबाने. सरकारी डॉक्टर एडवर्ड बॅलर्ड यांनी एक विलक्षण नियम काढून ठेवलाय: जमिनीत चार फूट खोल सोडलेला तापमापक 56 अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 13 सेल्सिअसला पोचला की बाळांच्या जुलाबाचे मृत्यू चढू लागतात. हवेचा पारा कधी चढला याला तितकं महत्त्व नाही; जमीन खोलवर तापायला हवी. म्हणून मातीतूनच काही वर येतं असा बॅलर्ड यांचा कयास. मँचेस्टरला आरोग्य अधिकारी जेम्स निव्हन पकडलेल्या माश्या मोजतात आणि माश्यांची चढण व मृत्यूंची चढण शेजारी शेजारी मांडतात. घोड्याची लीद तापते, माश्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या निघतात, आणि या सगळ्याला लागणारा वेळ खोल जमीन तापायला लागणाऱ्या वेळाशी जुळतो. तापमापक खोटं बोलत नव्हता, तो भलत्याचीच साक्ष देत होता.

संध्याकाळी गावाच्या पश्चिम टोकाला जा, लाँगवुडला. गेल्या नोव्हेंबरात बेंजामिन ब्रॉडबेंट महापौर झाले, आणि त्यांनी जाहीर केलं: माझ्या कारकिर्दीच्या वर्षात लाँगवुडमध्ये जन्मलेलं प्रत्येक बाळ पहिल्या वाढदिवसाला जिवंत असेल तर त्याला एक पाउंड. जन्माची खबर आली की घरी छापील चिठ्ठी जाते: वचन आणि सोबत बाळाच्या संगोपनाच्या सूचना. कल्पनेमागे आरोग्य अधिकारी डॉ. मूर यांचा बालमृत्यूंवरचा अहवाल आहे.

एक पाउंड म्हणजे वीस शिलिंग. यॉर्क शहरात सीबोम राउंट्री यांनी हिशेब केला होता: नवराबायको आणि तीन मुलं नुसती जगायची तर आठवड्याला 21 शिलिंग 8 पेन्स लागतात. म्हणजे पाउंड जवळजवळ एका आठवड्याचं जगणं. लाच म्हणायला फार कमी, दुर्लक्ष करायला फार जास्त. माझ्या मते खरी किंमत पाउंडाची नव्हतीच. पाउंड हवा तर बाळ जन्मल्याचं कळवावं लागणार. वर्षभर अधूनमधून कुणीतरी येऊन बघणार. बेचाळीस दिवसांची भिंत महापौरांनी स्वतःच्या खिशातून वीस शिलिंग दाखवून पाडली.

तुम्ही एका स्वयंसेविकेबरोबर दार ठोठावता. चांगला टोप, हातमोजे, गिरणीमालकांच्या घरातली बाई. आत विशीतली आई आहे, कडेवर चार महिन्यांची मुलगी. चिठ्ठी चुलीवरच्या फळीवर, घड्याळामागे खोचलेली.

"बसा बाई. घर आवरलेलं नाही."

घर लख्ख आहे. दोघींनाही ते माहीत आहे.

पाहुणी बाई पाळण्यातली बाटली उचलते. चपटी काच, तिला हातभर रबरी नळी, टोकाला बोंडलं. आई कामात असताना बाळ नळी तोंडात धरून पडतं. नळी आतून धुता येत नाही. कितीही उकळा, आतल्या बाजूला सायीचा बुळबुळीत थर राहतोच. फ्रान्सने अशा बाटल्यांवर पुढे 1910 मध्ये बंदी घातली. इथे त्या कुठल्याही दुकानात मिळतात. बाटलीत मलई काढलेलं आटवलेलं डब्याचं दूध आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत तसं छापणं 1899 पासून सक्तीचं केलंय. पण ते स्वस्त आहे, गोड आहे आणि बाळाला आवडतं.

"अंगावरचं का सोडलंत?"

"कामावर गेले ना, बाई."

बाळंतपणानंतर चार आठवडे गिरणीने कामावर घ्यायचं नाही असा 1891 पासूनचा कायदा आहे. त्या चार आठवड्यांची मजुरी कोण देईल, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. त्यामुळे बाळ शेजारच्या म्हातारीकडे. म्हातारीकडे अशी चार बाळं, आणि ती शांत राहावीत म्हणून कपाटात गॉडफ्रीज कॉर्डियलची बाटली. पाक, मसाले आणि अफू. मुंबईच्या गिरणगावातल्या आया कामावर जाताना बाळाला अफूची बाळागोळी देत, त्यांना ही म्हातारी परकी वाटली नसती.

पाहुणी बाई वाईट नाही. ती ओरडत नाही, उपदेश थोडक्यात करते, नळीची बाटली फेकून नावेच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी धुता येणारी बाटली घ्यायला सांगते, दुधावर ओली मलमल टाकायला सांगते. आई मान डोलवते. जाताना अंगणातून जावं लागतं. बाई रुमाल नाकाला लावते आणि बादलीकडे न बघता पुढे होते. तिच्या सूचनांच्या यादीत बादली नाही. आईला शिकवायला चार ओळी पुरतात; बादलीच्या जागी पाण्याचा संडास आणायचा तर रस्ता खोदायचा, नळ घालायचे, घरमालकाशी भांडायचं. आईचं अज्ञान हा तेव्हाच्या सगळ्या अहवालांतला आवडता विषय आहे, आणि त्यामागे हा हिशेबही आहे असं मला वाटतं.

तरीही लाँगवुडचा प्रयोग फसला नाही. वर्षभरात शंभराहून थोडी अधिक बाळं जन्मली आणि 1906 च्या नोव्हेंबरपर्यंत एकेकाचा पहिला वाढदिवस होत गेला. त्या भागातला मृत्यूचा आकडा आधीच्या सरासरीच्या निम्म्याखाली आला. एका वर्षाचा, एका छोट्या वस्तीचा आकडा. योगायोगाला त्यात भरपूर जागा आहे. पण नगरसभेने वाट पाहिली नाही. 1906 मध्ये तिने संसदेकडून स्वतःपुरता कायदा करून घेतला: हडर्सफील्डमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाची खबर 48 तासांत आरोग्य अधिकाऱ्याला गेलीच पाहिजे. खबर आली की पालिकेच्या पगारावरची स्त्री डॉक्टर घरी जायची. पुढच्याच वर्षी सगळ्या देशासाठी तसा कायदा झाला. मुदत 36 तास, स्वीकारायचा की नाही हे गावाने ठरवायचं. 1915 मध्ये तो सक्तीचा झाला. आता जन्माची चोपडी मृत्यूच्या चोपडीच्या पुढे धावू लागली.

एवढ्यावर परत फिरायचं तर फिरा. पण 1911 चा ऑगस्ट पाहून जा.

अख्खं इंग्लंड भाजून निघतंय. पाऊस नाही, दूध सकाळचं दुपारी फाटतं. अंगण तेच आहे. पाळण्यात नवं बाळ, आणि आज दारात स्वयंसेविका नाही, पालिकेची डॉक्टरीणबाई आहे, हातात वही घेऊन. ती एकेक विचारते. नळीची बाटली? नाही, ती केव्हाच फेकली. डब्याचं दूध? नाही, सुट्टीभर अंगावरच पाजलं, आता गाईचं, उकळून. झाकण? आई मलमल उचलून दाखवते. अफू? आई नुसती बघते. सगळ्या खुणा बरोबर पडतात. बाळाला परवापासून जुलाब आहेत.

"भांडं मी झाकते हो," आई म्हणते. "ती बादली कुणी झाकायची?"

1910 मध्ये इंग्लंड आणि वेल्सचा आकडा हजारी 105 वर आला होता. 1911 ला तो 130 वर गेला आणि 1912 च्या थंड, ओल्या उन्हाळ्यात 95 वर उतरला. आयांचं ज्ञान दोन वर्षांत असं चढउतार करत नाही. डॉक्टरीणबाई बाळाला मीठपाण्यासारखं काही चमच्याने द्यायला सांगते, उद्या पुन्हा येते म्हणते, आणि बाहेर येऊन निरीक्षकांना गाठते. घरमालकाला नोटीस काढा. निरीक्षक वही उघडतात, पण 1875 चा कायदा त्यांना पाठ आहे. घराला पुरेसा संडास असला पाहिजे, असं कलम 36 म्हणतं. पाण्याचा, मातीचा किंवा साधा, तिन्हींपैकी कुठलाही चालतो. बादली आठवड्याला उपसली जाते. झाकण शाबूत आहे. कायद्यासाठी ते पुरेसं आहे.

डॉक्टरीणबाई वहीत बाळाचं वजन लिहिते आणि पुढच्या दाराकडे जाते. रांगेत अजून सहा घरं आहेत.